काळ सोकावू नये म्हणून

मंडळी, ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण तुम्हा-आम्हा सर्वांच्या तोंडची आहे. आजचा विषय या म्हणीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा आहे. पहिल्या अर्ध्या भागाशी मात्र आज आपले जमणार नाही. कारण ज्यांच्याविषयी बोलायचे ती लहान मुले आहेत, आणि त्यांचे दुःख तर आहेच आहे. मुलामुलींवर लैंगिक अत्याचार करणारा एखादा इसम शिक्षा भोगून बाहेर आला आणि त्याने पुन्हा तेच केले, तर कायदा त्याचे काय करतो? आणि कायद्याने धार लावून ठेवलेले हत्यार कित्येकदा बोथट कोण करते? या दोन प्रश्नांची उत्तरे आज शोधू.

विषय अवघड आहे खरा. चारचौघांत बोलायला जीभ अडखळते. पण विंचू चावला तर आपण तो लपवून ठेवतो काय? दिवा घेऊन त्याला शोधतो, कारण घरात दुसरी पोरेही झोपलेली असतात. येथेही तसेच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. असे काम करणारा म्हणजे कुणीतरी परका, वेशीबाहेरून आलेला, असे आपण धरून चालतो. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यात बोलणे झाले होते. महाराष्ट्र आणि गोवा ही राज्येही त्यात होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मुलाने विश्वास ठेवावा अशा जागी असलेले होते. कुणी नातेवाईक, कुणी शेजारी, कुणी शिकवणारा. म्हणजे कुंपणच शेत खाते, अशातला प्रकार. म्हणूनच तो एकदा करून थांबत नाही. मुलाजवळ जाण्याची वाट त्याला रोजच मोकळी असते.

आता कायद्याकडे वळू. एकच गुन्हा पुन्हा करणाऱ्यास जास्त शिक्षा, ही कल्पना नवी नव्हे. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत ७५ वे कलम याच कामाचे होते. पण ते कोणासाठी होते, ठाऊक आहे? खोटी नाणी पाडणाऱ्यासाठी, आणि चोरी-दरोड्यासारखे मालमत्तेचे गुन्हे करणाऱ्यासाठी. असा माणूस दुसऱ्यांदा सापडला तर त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शके. नाणे आणि माल यांची काळजी कायद्याने तेव्हाच घेतली होती. पोराबाळांच्या अंगाला पुन्हा पुन्हा हात घालणाऱ्यासाठी मात्र तसे कलम नव्हते. ते यायला दीडशे वर्षे लागली.

ते आले २०१२ साली. ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम’ असे त्याचे लांबलचक नाव. लोक त्याला ‘पोक्सो’ म्हणतात. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे बालदिनी, तो अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने बालक ठरतो, मग तो मुलगा असो की मुलगी. हा ‘मुलगा असो’ भाग ध्यानात ठेवा. मुलग्यांनाही हा त्रास होतो, आणि ते तर मुलींहूनही गप्प बसतात.

या कायद्याने गुन्ह्यांच्या पायऱ्या पाडल्या आहेत. घाणेरडे बोलणे, खाणाखुणा, पाठलाग, अश्लील चित्रे दाखवणे, ही एक पायरी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. वाईट हेतूने अंगाला स्पर्श करणे ही त्यापुढची. शिक्षा कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे. येथे कुणी म्हणेल, “अहो, कपड्यावरून हात लावला, त्यात काय एवढं?” नेमका हाच वाद नागपूरच्या एका खटल्यातून वर गेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल लावला : पाहायचा तो हेतू, मध्ये कापड होते की नव्हते, हा प्रश्न नाही. त्याहून वरची पायरी प्रत्यक्ष शरीरसंबंधाच्या अत्याचाराची. तेथे कमीत कमी दहा वर्षे, आणि मूल सोळा वर्षांखालील असेल तर कमीत कमी वीस वर्षे, वर जन्मठेपेपर्यंत.

आता आपला मुद्दा. याच कायद्याने काही परिस्थितींत गुन्हा ‘गंभीर स्वरूपाचा’ मानला आहे. पोलीस, सरकारी नोकर, शाळेचा वा दवाखान्याचा किंवा देवस्थानाचा माणूस, घरातला नातलग, यांनी केला तर. मूल बारा वर्षांखालील असेल तर. आणि गुन्हेगारास पूर्वी अशाच गुन्ह्याबद्दल दोषी ठरवलेले असेल तर. पूर्वीचा गुन्हा पोक्सोखालचाच असला पाहिजे असे नाही. दुसऱ्या कोणत्याही कायद्याखालचा लैंगिक गुन्हा चालतो. तो मोठाच असला पाहिजे असेही नाही. समजा, एका इसमाला पहिल्या वेळी केवळ अश्लील खाणाखुणांबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्याने दुसऱ्या मुलाच्या अंगाला वाईट हेतूने हात लावला. एरवी तीन ते पाच वर्षे झाली असती. आता पाच ते सात होतील. आणि त्याने सतरा वर्षांच्या मुलावर किंवा मुलीवर अत्याचार केला, तर एरवी कमीत कमी दहा वर्षे होती तेथे आता कमीत कमी वीस, नाहीतर मरेपर्यंत कारावास, नाहीतर फाशी.

ही वीस वर्षांची आणि फाशीची तरतूद मुळात नव्हती. २०१२ साली अशा गंभीर गुन्ह्यास कमीत कमी दहा वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढवली, आणि १६ ऑगस्ट २०१९ पासून नवी शिक्षा लागू झाली. मुलांची अश्लील चित्रे काढण्यासाठी त्यांचा वापर करणाऱ्यालाही पहिल्या वेळी कमीत कमी पाच आणि दुसऱ्या वेळी कमीत कमी सात वर्षे असे तेव्हाच ठरले.

दुसरा कायदा सर्वसाधारण फौजदारीचा. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडले, त्यानंतर न्यायमूर्ती वर्मा यांची समिती नेमली गेली आणि २०१३ साली दंडसंहितेत दुरुस्ती झाली. तीत ३७६ ‘ई’ हे कलम आले : बलात्काराबद्दल पूर्वी दोषी ठरलेला माणूस पुन्हा तसाच दोषी ठरला, तर मरेपर्यंत कारावास किंवा फाशी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हीच तरतूद ७१ व्या कलमात आहे. हे कलम स्त्रिया व मुली यांच्यावरील गुन्ह्यांपुरते आहे, मुलग्यांसाठी पोक्सो. आणि एकाच कृत्याला दोन्ही कायदे लागू पडले, तर ज्याची शिक्षा मोठी ती द्यायची, असे पोक्सोनेच सांगून ठेवले आहे.

३७६ ‘ई’ कलमाची पहिली मोठी परीक्षा आपल्या मुंबईतच झाली. शक्ती मिलच्या ओसाड आवारात २०१३ साली घडलेल्या दोन गुन्ह्यांत तीन आरोपी समान होते. २०१४ साली सत्र न्यायालयाने त्या तिघांना या कलमाखाली फाशी सुनावली. त्या खटल्यांतील पीडित सज्ञान होत्या, पण कलमाचा प्रश्न तोच होता. आरोपींनी कलमाच्या वैधतेलाच आव्हान दिले. जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने फाशी रद्द करून आयुष्यभराचा कारावास दिला. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कायद्यात ‘किंवा फाशी’ असे लिहिलेले असले तरी न्यायाधीश दर वेळी फाशी देतीलच असे नाही. मात्र जी कमीत कमी शिक्षा ठरवून दिली आहे, तिच्या खाली त्यांना येता येत नाही. पोक्सोत ‘आरोपीचे वय लहान, घरी म्हातारी आई’ म्हणून वीसाची दहा होत नाहीत.

येथे एखादा चौकस श्रोता विचारील, “गुरुजी, एकदा शिक्षा भोगून झाली, मग तीच गोष्ट पुन्हा मोजायची म्हणजे एका अपराधाला दोन शिक्षा नव्हेत का?” प्रश्न रास्त आहे. राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदाने एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा देण्यास बंदी केली आहे. पण येथे वाढीव शिक्षा होते ती नव्या अपराधाची. पहिल्या वेळी तुरुंगाने शिकवले, तरी हा शिकला नाही, म्हणून नवा अपराध अधिक जड धरला जातो. त्याच अनुच्छेदाने दुसरीही गोष्ट सांगितली आहे : गुन्हा घडला त्या दिवशी जी शिक्षा कायद्यात होती, तिच्याहून मोठी शिक्षा देता येत नाही. म्हणून २०१५ च्या गुन्ह्याला २०१९ ची वाढीव शिक्षा लागत नाही.

न्यायालयातली रीतही जाणून घ्या. आरोपीला पूर्वी शिक्षा झाली होती ही गोष्ट दोषारोपात लिहावी लागते. पण नव्या गुन्ह्यात तो दोषी ठरेपर्यंत ती वाचून दाखवायची नाही, की तिच्यावर पुरावा घ्यायचा नाही. ‘आधीचाच बदमाश, म्हणजे हेही यानेच केले असणार’ असा ग्रह होऊ नये, यासाठी ही काळजी. नवा गुन्हा स्वतंत्रपणे शाबीत झाला, की मग जुन्या निकालाची दाखला-नक्कल पुढे येते, तोच हा इसम अशी ओळख पटवली जाते, आणि वाढीव शिक्षा लागते.

आता मंडळी, जरा सावध होऊन ऐका, कारण सगळ्या विषयाची गोम येथे आहे. कायद्याला ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणजे काय कळते? न्यायालयात शाबीत झालेला गुन्हा. गावाला ठाऊक असलेला गुन्हा नव्हे.

समजा, एका गावात एक इसम आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या पोरीशी वाईट वर्तन केले. पोरीच्या बापाने आवाज केला. चार जाणती माणसे बसली. “पोरीच्या जातीचं आहे, उद्या लग्न व्हायचंय, झाकली मूठ सव्वा लाखाची,” असे म्हणून त्याच्या दोन थोबाडीत मारून प्रकरण मिटवले. दोन वर्षांनी पुन्हा तसेच. या वेळी पाच हजार रुपये देववले आणि त्याला मामाच्या गावी धाडले. मामाच्या गावात तिसरे मूल. तेथला बाप हिय्या करून पोलिसांत गेला, खटला उभा राहिला, गुन्हा शाबीत झाला. न्यायाधीशांनी विचारले, पूर्वी शिक्षा झालेली आहे काय? कागदावर उत्तर काय? ‘नाही.’ ज्याने तीन मुलांचे आयुष्य नासवले, तो कायद्याच्या लेखी पहिलटकर ठरला! वाढीव शिक्षेचे कलम पुस्तकातच राहिले. ते निकामी वकिलाने केले नाही, न्यायाधीशानेही नाही. ते निकामी केले पहिल्या गावच्या पारावर बसलेल्या चार जाणत्या माणसांनी. त्या झाकल्या मुठीची किंमत तिसऱ्या मुलाने दिली.

हीच गोष्ट संस्थांची. एखाद्याविषयी कुजबुज उठली की ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून त्याचा राजीनामा घ्यायचा आणि दुसऱ्या शाळेला त्याच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यायचा. याला आपल्या अंगणातला विंचू चिमट्याने उचलून शेजाऱ्याच्या अंगणात टाकणे म्हणतात.

म्हणून पोक्सोने आणखी एक कडक गोष्ट केली आहे, आणि ती गुन्हेगारासाठी नसून तुमच्या-माझ्यासाठी आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी ज्याला धास्ती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. माहिती मिळूनही नोंद न करणाऱ्या पोलीस अंमलदारालाही शिक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात एका वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. तेथे मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर माहिती न दिल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यापुरते प्रकरण रद्द केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा चालू केले, आणि वेळीच खबर देणे हे या कायद्यात अत्यंत महत्त्वाचे आहे असे बजावले. शिक्षकांनी हा निकाल मनाशी पक्का धरावा.

“पण उगाच कुणावर आळ आला तर?” ही भीती खोटी नाही. बदनामी करण्यासाठी किंवा पैसे उकळण्यासाठी जाणूनबुजून खोटी फिर्याद देणाऱ्यास कायद्यात शिक्षा आहे. पण चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, आणि मुलाने सांगितलेले खोटे निघाले तरी मुलाला शिक्षा नाही. पुरावा गोळा करण्याचे काम तुमचे नव्हे. तुम्ही ऐकले, तसे कळवले, की तुमचे कर्तव्य झाले.

आता शिक्षा वाढवण्याविषयी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नुसती शिक्षा जड केली की गुन्हे थांबतात काय? विचारी माणसांत यावर मतभेद आहेत. वर्मा समितीने फाशीची शिफारस केली नव्हती. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, पूर्वी शिक्षा झालेल्या एका गुन्हेगाराने नऊ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला, तेव्हा २००५ साली कायदा झाला : बारा वर्षांखालील मुलावर अत्याचार केल्यास कमीत कमी पंचवीस वर्षे, आणि सुटल्यावर जन्मभर यंत्राने पाळत. पण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, मुलाचा जीव गेलेला नसेल तर बलात्काराला फाशी देता येणार नाही असे ठरवले. न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी दोन आपणही तोलून पाहावीत. गुन्हेगार घरचाच असला तर त्याला फाशी होईल या भयाने घरचे लोक तोंड उघडणार नाहीत. आणि मारले काय, न मारले काय, शिक्षा एकच, असे झाले तर तो मुलाला जिवंत सोडणार नाही.

मला विचाराल, तर शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होणार की नाही, हे गुन्हेगार आधी पाहतो. ज्याला ठाऊक आहे की पोर बोलणार नाही, बोलले तर आई दटावील, आई बोलली तर गाव मिटवील, त्याला वीस वर्षांचे काय भय? मोठी शिक्षा हवी. पण ती पहिल्या खबरीवर उभी राहते. पाया नसता कळस कसा चढणार?

तेव्हा करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. मूल काही सांगू लागले तर त्याला दटावू नका, ‘तू तिकडे गेलासच कशाला’ असे विचारू नका. शांतपणे ऐका, आणि “तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही,” एवढे म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. ११२ हा पोलिसांचा. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पोलीस ठाण्याची पायरी चढायला मूल घाबरेल ही काळजी कायद्याने घेतली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे, शक्यतो स्त्री अंमलदाराने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचे नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची. न्यायालयात आरोपी मुलाच्या नजरेस पडू द्यायचा नाही, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे, आणि खटला बंद दालनात चालवायचा. मुलाचे नाव-गाव छापण्यास बंदी आहे. उपचारासाठी आणि पुनर्वसनासाठी भरपाईही मिळते.

शाळांना आणखी एक काम २०२० च्या नियमांनी दिले आहे. मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या प्रत्येक नोकराची पोलिसांकडून पडताळणी ठराविक काळाने करून घ्यायची. शिपाई, स्वयंपाकी, गाडीचा चालक, आणि शिक्षकही. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची देशभराची नोंद २०१८ पासून पोलिसांकडे आहे. ती सर्वांना पाहायला खुली नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. बापाचे किंवा काकाचे नाव भिंतीवर लागले, तर त्या मुलाचे नाव लागायचे काय राहिले? पण पडताळणी मागितली की पोलिसांना ती नोंद पाहता येते. मागायची आपण.

आणि शेवटी, पारावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना हात जोडून एक विनंती. बांधाचा तंटा मिटवा, पाण्याच्या पाळीचे भांडण मिटवा, भावाभावांचे वैर मिटवा. त्यात पुण्य आहे. पण हे प्रकरण मिटवू नका. पंचांना ते मिटवण्याचा अधिकारच नाही. ज्या दिवशी तुम्ही त्या घाबरलेल्या बापाला “चल, मी येतो तुझ्याबरोबर ठाण्यात,” असे म्हणाल, त्या दिवशी पहिला गुन्हा कागदावर येईल, आणि दुसऱ्या गुन्ह्याचे ते कडक कलम जागे होईल. कदाचित त्याची गरजच पडणार नाही. काळ सोकावण्याआधीच त्याची वाट अडली, तर त्याहून चांगले ते काय?